बर्फात उतरलेला खडा

"त्या बर्फाला हात लावू नकोस," बाबा ओरडले. "तो प्रयोगाचा आहे. आइस्क्रीमचा मागच्या अंगणात."

मी सायकलच्या कॅरिअरवरून दुसरं पोतं उतरवत होतो. भुसा शर्टात गेला होता, पाठीवरून गार पाणी गळत होतं आणि अकोल्यातल्या मे महिन्यात माझ्या शरीराचा तेवढाच भाग सुखात होता.

"दोन्ही एकाच कारखान्यातले आहेत, बाबा. एकाच लादीचे."

"असू दे. तुझी आई तिकडे पॉटात मीठ घालून राहिली. एक कण जरी इकडच्या बर्फाला लागला तरी प्रयोग बाद. मिठानं बर्फ आपोआप पाणी होतो. मग काय सिद्ध करशील? कप्पाळ?"

मला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. मला त्या दिवशी फक्त साक्षगंध करून घ्यायचं होतं. विदर्भात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, आणि ते मुलीच्या घरी होतं. पण अमरावतीच्या पातुरकरांना बाबांनी पटवून दिलं होतं की आमचं घर स्टेशनपासून जवळ आहे, हॉल मोठा आहे, कूलर दोन आहेत. खरं कारण बर्फाचा कारखाना होतं. अमरावतीचा बर्फ बाबांना भरवशाचा वाटत नव्हता.

बाबांनी प्रयोगाचा बर्फ स्वच्छ पाण्यानं धुतला, दोन सपाट तुकडे काढले, पितळी डब्यात ठेवले आणि डब्याला कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधली. ते जानवं पूजेसाठी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. देवपुजारी आडनावाचा हा माणूस तीस वर्षं हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाला होता आणि देवाबद्दल विचारलं तर म्हणायचा, "निरीक्षण नाही, म्हणून अनुमान नाही." मी मे महिन्यात जन्मलो तर त्यांनी माझं नाव शिशिर ठेवलं. एवढी एकच काव्यात्म गोष्ट त्यांच्या हातून झाली, आणि तीही मला वाटतं उन्हाला कंटाळून.

अकरावीत त्यांनी मला प्रात्यक्षिकात शून्य दिलं होतं. डांबरगोळीचा वितळणबिंदू काढायचा होता. माझ्या काड्या ओल्या होत्या, स्पिरिटचा दिवा पेटेना, तर मी पुस्तकात पाहून ऐंशी लिहून मोकळा झालो. बाबांनी येऊन दिव्याला हात लावला. गार. मग सगळ्या वर्गासमोर विचारलं, "देवपुजारी, ही गोळी तुम्हाला पाहून वितळली काय?" पुढं मी कॉमर्सला गेलो, विमा कंपनीत चिकटलो. ऑफिसात बाबांची नक्कल करून दाखवायचो. "तीन वाचनं घ्या! एका वाचनावर विश्वास ठेवतो तो गाढव!" नकलेवर मला रोज कोणी ना कोणी चहा पाजायचा.

तर त्या दिवशीचा प्रयोग हिऱ्याचा होता.

आमच्या घरात एक खडा होता. हरभऱ्याएवढा. पणजोबांच्या आईपासूनचा, असं म्हणत. रीत अशी होती की घरात सून यायची ठरली की सासूच्या अंगठीतून खडा काढायचा, चांदीच्या डबीत कापसावर ठेवून साक्षगंधाला मुलीच्या ओटीत घालायचा, आणि मग तिनं तो आपल्या अंगठीत बसवून घ्यायचा. आदल्या दिवशी सोनारानं आईच्या अंगठीतून तो काढला होता. आईच्या बोटावर अंगठीच्या जागी एक पांढरा पट्टा होता आणि ती सकाळपासून त्यावरून अंगठा फिरवत होती. मला वाटलं, सवय.

बाबांसाठी मात्र ही पर्वणी होती. खडा तीस वर्षं बायकोच्या बोटात अडकलेला. बायकोचं बोट काही प्रयोगाचं साहित्य नाही, असं ते स्वतःच म्हणत. आता तो एक दिवस सुटा होता. उद्या पुन्हा सोन्यात अडकणार. असा दिवस त्यांना पुन्हा मिळणार नव्हता.

पातुरकर चारच्या पॅसेंजरनं आले. मुलगी वैजयंती, तिचे आईवडील, आणि दिगंबरमामा. मामा जंगलाची ठेकेदारी करायचे आणि कुठल्याही वस्तूकडे ती किती लाकडाची आहे अशा नजरेनं पाहायचे. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलेलं होतं, त्यामुळे हॉलमध्ये वास थंड होता आणि हवा गरम. पन्हं झालं. कुंकू लावून झालं. आईनं डबी उघडून खडा वैजयंतीच्या ओटीत घातला. सगळ्यांनी पाहिला, सगळे "वा" म्हणाले. इथंच थांबलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

"सर," मामा म्हणाले, "खडा पारखून गिरखून घेतला ना? नाही, आजकाल अमेरिकन डायमंडचा जमाना आहे बाप्पा. आमच्या परतवाड्याच्या एकानं नव्या नवरीला काच घातली अन् सासऱ्याकडून स्कूटर घेतली."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांना वर्गात नेमका हवा तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळाला की चेहरा असाच व्हायचा.

"मामासाहेब, बसा. पारख म्हणजे काय, सांगा पाहू?"

"सोनाराला दाखवणं."

"चूक! सोनार सांगतो ते मत. प्रयोग सांगतो ते ज्ञान." बाबा उभे राहिले. लग्नाच्या बैठकीत उभं राहून बोलणारा वरपिता मी त्याआधी पाहिला नव्हता. मी जमिनीकडे पाहू लागलो. "हिरा म्हणजे काय?"

मामांनी डोळे बारीक करून खड्याकडे पाहिलं.

"कोळसा!" बाबा म्हणाले. वैजयंतीच्या आईनं पदर सावरला. "शुद्ध कार्बन. लोक म्हणतात हिरा आगीत टिकतो. साफ खोटं. चांगला लालभडक तापवा, भरपूर ऑक्सिजन द्या, हिरा जळून जातो. पार नाहीसा होतो. राखसुद्धा उरत नाही."

"अहो, शुभ बोला," आई दारातून म्हणाली.

"मी खरं बोलून राहिलो. आता म्हणाल, हवा नसली तर वितळेल. नाही वितळत! आधी त्याचं ग्रॅफाइट होतं. म्हणजे पेन्सिलीतलं शिसं."

"म्हणजे पुढं-मागं आमच्या पोरीला पेन्सिल बी होईल," मामा म्हणाले. पाहुणे हसले. मी हसलो नाही. बाबाही हसले नाहीत, कारण त्यांच्या मते मामांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर होता.

"काचेचं उलट. काचेला ठराविक वितळणबिंदूच नाही. बर्फाचं कसं, शून्य अंश म्हणजे शून्य अंश. डांबरगोळी, ऐंशी." इथं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काच तापली की नुसती नरम होत जाते. नेमकी केव्हा वितळली, ते काचेला बी सांगता यायचं नाही. आता मुख्य मुद्दा. हिरा उष्णता कशी वाहून नेतो? तांब्यापेक्षा भराभर. खडा चिमटीत धरा, बर्फावर टेकवा. तुमच्या बोटाची ऊब खड्यातून सरळ बर्फात. लोण्यात सुरी जावी तसा खडा बर्फात उतरतो. अन् काच? काच राहते जागच्या जागी. पाहुण्यासारखी."

"हे ऐकूनच झकास वाटलं," वैजयंतीचे वडील घाईघाईनं म्हणाले. ते सज्जन गृहस्थ होते आणि घाम पुसत होते. "आता जेवणाचं—"

"ऐकून नाही, पाहून! बर्फ तयार आहे."

"सर, असू द्या ना," मामा म्हणाले. "आम्ही गंमत केली."

आणि तेव्हा बाबा ते वाक्य बोलले. आजही ते आठवलं की मला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटतात. "गंमत नाही, मामासाहेब. माझ्या घरात मी न तपासलेली गोष्ट कोणाला देत नाही. हा खडा बर्फात उतरला नाही, तर हे साक्षगंध झालंच नाही असं समजा अन् सातच्या गाडीनं खुशाल परत जा."

वैजयंती मान खाली घालून ओटीतल्या खड्याकडे पाहत होती. मला जमीन दुभंगून हवी होती, पण अकोल्याची काळी जमीन मे महिन्यात आपली आपणच दुभंगते, सांगितल्यावर नाही.

"शिशिर," आई म्हणाली, "जरा आत ये. पाट काढून दे."

आत पाट काढलेलेच होते. आईनं स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"थांबव त्यांना."

"मी? त्यांना? आई, ते माझं कधी—"

"शिशिर, तो खडा काच आहे."

बाहेर बाबा मामांना तापमान आणि उष्णता यांतला फरक सांगत होते.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बाबांनी." तिला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. "लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात बाहेरच्या खोलीत शिकवणी चालायची. मी इथं भाकरी थापत होते. ते मुलांना म्हणाले, हिऱ्यावर तोंडची वाफ सोडा, धुकं बसतं न बसतं तोच उडून जातं. काचेवर रेंगाळतं. मी अंगठीवर वाफ सोडली. धुकं बसलं ते बसलंच. पदरानं पुसलं. पुन्हा सोडली. पुन्हा बसलं. तीन वाचनं घेतली."

"मग?"

"मग तुझ्या आजीला विचारलं. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. माझ्या सासूबाईंना बी माहीत होतं. मूळचा खडा केव्हा गेला, कोणी विकला, का कधी नव्हताच, कोणाला ठाऊक. सोनारांना तर पिढ्यान् पिढ्या माहीत. पण सोनार डॉक्टरासारखा असतो, बोलत नाही."

"आणि बाबांना तू कधीच—"

"अरे, त्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट न तपासता खरी मानली," आई म्हणाली. "ती कशाला मोडायची?"

मला काहीतरी सुचायला हवं होतं. मी बाहेर जाऊन बाबांच्या कानाशी लागलो. "बाबा, बर्फ सगळा आइस्क्रीमलाच लागला."

"कसा लागेल? कुलुपात आहे," बाबा मोठ्यानं म्हणाले आणि सगळ्यांना जानव्याची किल्ली दाखवली. मामांनी टाळी वाजवली. मी परत आत गेलो. माझ्या कल्पकतेचा साठा तेवढाच होता.

आई ओट्याला टेकून उभी होती. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलं होतं. ती मला रागावेल असं वाटलं. ती फक्त म्हणाली, "चांगली होती रे मुलगी." होती.

दार वाजलं. वैजयंती आत आली. हातात रिकामा पेला होता.

"काकू, पाणी हवं होतं." पेला तिनं ओट्यावर ठेवला, माठाकडे गेली नाही. "आणि बारीक मीठ कुठं ठेवता?"

"मीठ? जेवणाला वेळ आहे अजून, बाळ."

"जेवणाला नको. हाताला हवंय." ती आईकडे पाहत होती, मी तिथं नसल्यासारखाच होतो. "दार नीट लागत नाही तुमचं. मी पाण्यालाच येत होते."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी भिंतीवरच्या बरणीकडे पाहू लागलो. ज्या मुलीला आम्ही काच दिली होती तिनं ते आमच्याच दारात उभं राहून ऐकलं होतं, आणि त्यावर करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. क्षमा मागायलासुद्धा आधी कोणत्या गोष्टीची मागायची ते ठरवावं लागलं असतं.

"मी घरी सांगतो," मी म्हणालो. "माझ्यामुळं मोडलं असं सांगतो. माझी पत्रिका—"

"तुम्ही थांबा हो जरा," वैजयंती म्हणाली. आमच्यातलं हे पहिलं संभाषण. "काकू, आम्ही दर उन्हाळ्यात पॉटाचं आइस्क्रीम करतो. बर्फात मीठ पडलं की काय होतं, मला त्यासाठी बीएस्सी व्हावं लागलं नसतं. झालेय, ती गोष्ट वेगळी."

आईनं मिठाची बरणी उघडली. वैजयंतीनं बोटं माठाच्या पाण्यात बुडवली आणि मिठात दाबली. मग तो हात पदराखाली घेतला.

"हे खोटं होईल गं," आई म्हणाली.

"हो," वैजयंती म्हणाली आणि बाहेर गेली. पेला तसाच राहिला.

हॉलमध्ये दोन थाळ्या मांडल्या होत्या. एकेकीत बर्फाचा एकेक तुकडा, गुळगुळीत, आरपार दिसणारा. बाबांनी एका फुटक्या झुंबराच्या लोलकाचा तुकडा मामांच्या हातात दिला. "ही काच. तुम्ही धरा. तुलनेसाठी. आणि हा—" ते डबी शोधू लागले.

"काका, खडा माझ्या ओटीत घातलाय," वैजयंती म्हणाली. "मग मीच धरते."

"शाब्बास!" बाबा म्हणाले. "पाहा, मामासाहेब. शास्त्राची मुलगी. हा, धर. चिमटीत. आता टेकवा दोघांनी. दाबू नका. फक्त टेकवा."

मामा लोलक धरून बर्फाकडे वाकले होते, जंगलात एखाद्या बुंध्याकडे वाकावं तसे. वैजयंतीचा हात स्थिर होता. मी तिच्या चिमटीकडे पाहत होतो आणि मला एकाच वेळी दोन गोष्टींची लाज वाटत होती: खडा उतरेल याची आणि उतरणार नाही याची.

आधी बर्फाला खड्याखाली पांढरट डाग पडला. मग तिथं पाणी जमलं. मग खडा एका बाजूला कलला आणि हळूच, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आत सरकला. अर्धा गेला.

"उतरला!" वैजयंतीचे वडील ओरडले. त्यांना सातची गाडी नको होती.

मामांनी आपला लोलक उचलून पाहिला. बर्फावर नुसती ओल होती. "मानलं सर. नाही, मानलं."

टाळ्या झाल्या. बाबा चष्मा सावरत थाळीवर वाकले. मी त्यांना ओळखतो. निरीक्षण संपल्याशिवाय ते आनंद करत नसत. त्यांनी बर्फ उजेडाकडे वळवला. खड्याभोवतीचा खळगा खड्यापेक्षा बराच मोठा होता, कडा खरबरीत झालेल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ते असं काही करून बसले, जे त्यांनी प्रयोगशाळेत कोणाला कधी करू दिलं नव्हतं. त्यांनी खळग्यातल्या पाण्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

ते तसेच वाकलेले राहिले.

मग त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. तिचा हात पदराखाली होता. मग दाराकडे. तिथं आई उभी होती आणि बोटावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत होती. तिनं नजर काढून घेतली नाही. लपवायला आता काही उरलं नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती.

बाबा सरळ झाले.

"निरीक्षण," ते म्हणाले. वर्गातलाच आवाज, फक्त हळू. "खडा बर्फात उतरला."

"अन् अनुमान?" मामा हौसेनं म्हणाले. दहा मिनिटांत ते चांगले विद्यार्थी झाले होते.

बाबांचे ओठ हलले. आवाज नंतर आला.

"हिरा."

"वा! आता मला द्या बरं एकदा," मामांनी हात पुढं केला. "मी धरून पाहतो. दुसऱ्या तुकड्यावर."

आई दाराच्या चौकटीला धरून होती. बाबांनी खडा बर्फातून काढला, आपल्या धोतराला पुसला, पुन्हा पुसला, डबीत ठेवला आणि डबी वैजयंतीच्या हातात दिली.

"नाही मामासाहेब," ते म्हणाले. "प्रयोग एकदाच करायचा असतो."

मामांना ते पटलं. ते ठेकेदार होते, त्यांना काय माहीत. मी मात्र त्या वाक्यावर मान वर करू शकलो नाही. सकाळपासून मला ज्या माणसाची लाज वाटत होती, त्याच्याकडे आता पाहण्याची मला लाज वाटत होती. बाबांनी थाळी उचलली, खळग्यासकट बर्फ मोरीत नेऊन टाकला, आणि तो पूर्ण वितळेपर्यंत वरून पाण्याचे तांबे ओतत राहिले. हॉलमध्ये लोक म्हणाले, सर किती टापटिपीचे.

पाहुणे सातच्या गाडीनं गेले, पण हसत गेले. जाताना मामा मला म्हणाले, "तुमचे वडील म्हणजे खरा हिरा आहे बरं." मी हो म्हणालो. त्यांना आणखी काय सांगणार.

उजेड अजून होता. बाबा मागच्या पायरीवर बसले होते, पॉटाच्या शेजारी. पॉटातला बर्फ संपत आला होता आणि खारं पाणी भोकातून अंगणात झिरपत होतं. त्यांनी मला बसायची खूण केली. मी बसलो. वाटलं, आईबद्दल विचारतील. त्या मुलीबद्दल विचारतील. मी मनात उत्तरं जुळवत होतो.

"डांबरगोळीचा किती लिहिला होतास?"

"ऐंशी."

"दिवा न पेटवता."

"काड्या ओल्या होत्या, बाबा."

"आकडा बरोबर होता."

"हो. पुस्तकातला होता."

ते पाण्याकडे पाहत राहिले. अंगणातल्या मुंग्यांची रांग त्या ओलाव्याला वळसा घालून चालली होती.

"मी शून्य दिलं होतं."

"हो."

"ते योग्यच होतं," बाबा म्हणाले. मग, "आज मलाही तेवढेच."

मला म्हणायचं होतं की नाही बाबा, आज तुम्हाला… पण आकडा सुचेना. त्यांच्या विषयात मी कधीच हुशार नव्हतो. त्यानंतर ऑफिसात मी त्यांची नक्कल केली नाही. एक-दोनदा लोकांनी आग्रह केला, मी उभाही राहिलो, पण "तीन वाचनं घ्या" म्हणायला तोंड उघडलं की दुसरंच वाक्य ओठाशी यायचं. हिऱ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कोणी काढला तर घड्याळ पाहायचे. वैजयंतीनं खडा अंगठीत बसवून घेतला. आज तीस-पस्तीस वर्षं झाली, हिवाळ्यात चहा पिताना त्यावर धुकं बसतं आणि ती पदरानं पुसते. आधी आई पुसायची तसंच.

त्या संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलेलो असतानाच आई मागं येऊन उभी राहिली. हातात आइस्क्रीमच्या दोन वाट्या होत्या. एक तिनं मला दिली, एक बाबांना. स्वतः उभीच राहिली, चौकटीला टेकून.

मी चमचा तोंडात घातला. पाहुण्यांना वाढून झाल्यावर गडबडीत कोणीतरी पॉटाचं झाकण नीट लावलं नसावं. आतून खारं पाणी शिरलं होतं. आइस्क्रीम चक्क खारट होतं.

बाबा खात होते.

"खारट झालंय का हो?" आईनं विचारलं. हळू विचारलं.

बाबांनी चमचा चाटला, विचार केला. निरीक्षण करताना करायचे तसा.

"छे," ते म्हणाले. "मला तर काही लागत नाही."

आणि त्यांनी वाटी पुसून संपवली.